‘लाय टू मी’ पाहून माणूस वाचता येतो का? एका फौजदारी वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात राहून फौजदारपदाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणानं ‘लाय टू मी’ ही अमेरिकन मालिका पूर्ण पाहिली. अभ्यासिकेतल्या मित्रांत तिच्यावरून दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, यामागे खरं शास्त्र आहे, खरा शास्त्रज्ञ आहे, पोलिसांत जाणाऱ्यानं हे शिकलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, ही निव्वळ करमणूक आहे. चेहऱ्यावरून खोटं कळत असतं तर कोर्टकचेऱ्या हव्यात कशाला? कोर्टात रोज साक्षीदारांना सामोरं जाणाऱ्या माणसाला यावर काय वाटतं, असं त्यानं विचारलं आहे.

मी सोलापूरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. पिंजऱ्यातला माणूस खरं बोलतोय की खोटं, याच प्रश्नावर माझं सगळं काम उभं आहे. म्हणून हातचं न राखता लिहिते. आधी उत्तर: मालिका जरूर पाहा, पण त्यातलं चेहरा वाचण्याचं तंत्र घेऊन ठाण्यात जाऊ नका. त्यातले प्रश्न कसे विचारले जातात, तिकडे लक्ष द्या. खोटं प्रश्नांनी पकडलं जातं. चेहऱ्याच्या भरवशावर बसलं की बहुतेक वेळा खरं बोलणारा, पण घाबरलेला माणूस सापडतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘लाय टू मी’ फॉक्स वाहिनीवर जानेवारी २००९ ते जानेवारी २०११ या काळात झाली. तीन पर्वं, ४८ भाग. टिम रॉथनं डॉ. कॅल लाइटमनची भूमिका केली आहे. वॉशिंग्टनमध्ये त्याची खाजगी संस्था असते आणि पोलीस, सरकार, कंपन्या तिच्याकडे प्रकरणं घेऊन येतात. समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काय उमटलं, खांदा कसा उडाला, आवाज कुठे बदलला, यावरून तो खोटं शोधतो. जोडीला मानसशास्त्रज्ञ जिलियन फॉस्टर, विमानतळावरच्या नोकरीतून आलेली, उपजत जाण असलेली रिया टोरेस, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारा एली लोकर.

मालिकेला मानणाऱ्यांचं म्हणणं मुळीच निराधार नाही. लाइटमन हे पात्र पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञावरून बेतलं आहे आणि एकमन स्वतः मालिकेचे शास्त्रीय सल्लागार होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये गेले. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेले हे लोक चेहऱ्यावरचा राग, भीती, दुःख कसं ओळखतात, हे त्यांनी तपासलं. १९७८ मध्ये वॉलेस फ्रीजन यांच्यासोबत त्यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचाली नोंदवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही संशोधनात वापरली जाते.

त्यांच्या कामातली एक हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. मनोरुग्णालयातल्या एका स्त्रीनं ‘आता बरं वाटतंय, घरी सोडा’ असं डॉक्टरांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिच्या मनात जीव द्यायचं ठरलेलं होतं, हे तिनं नंतर कबूल केलं. तिच्या मुलाखतीची फिल्म संथ गतीनं, पुन्हा पुन्हा पाहिली तेव्हा हसण्याच्या मध्ये क्षणमात्र तीव्र दुःख दिसलं. लाइटमनच्या आईची मालिकेतली गोष्ट याच धाग्यावर विणली आहे. तो भाग पाहताना दर्शक हेलावतात ते उगाच नाही. माणूस जे दडपतो ते कधीकधी सेकंदाच्या पाचव्या किंवा अगदी पंचविसाव्या भागापुरतं चेहऱ्यावर डोकावून जातं, इथपर्यंत मालिका एकमन यांच्या संशोधनाला धरून आहे.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. चेहऱ्यावर भावना दिसते, खोटं दिसत नाही. भीती दिसली तर माणूस घाबरलाय एवढंच कळतं. पकडलं जाण्याची भीती आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही ही भीती, चेहऱ्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. खुद्द एकमन यांनीच या चुकीला शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचं नाव दिलं आहे. मराठी रंगभूमीवर देवलांनी ज्याचा झुंजारराव केला, तोच हा. बायको घाबरली, रडली, म्हणजे ती दोषीच, असं त्यानं ठरवलं आणि निरपराध बाईचा जीव घेतला. बुद्धिमान, पराक्रमी माणसाकडूनही हे होतं. मालिकेचं नाव घेऊन स्वतःला लाइटमन समजणाऱ्या प्रत्येकानं एकमन यांचा हा इशारा आधी वाचायला हवा.

आता आपल्या सोलापूरकडे येते, कारण तुम्हाला नोकरी अमेरिकेत करायची नाही.

आपल्या कोर्टात साक्षीला कोण येतं? पूर्व भागातला यंत्रमाग कामगार येतो. त्याच्या घरी तेलुगू बोलतात. त्याची मराठी बाजारहाटापुरती उत्तम असते, पण वकिलाचा लांबलचक प्रश्न आला की तो आधी मनात तेलुगूत लावून घेतो, उत्तर तेलुगूत जुळवतो आणि मग मराठीत सांगतो. प्रत्येक उत्तराआधी तो थांबतो. नवख्या डोळ्यांना ते थांबणं बनवाबनवीचं वाटतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचा कानडी बोलणारा शेतकरी असाच थांबतो. दखनी बोलणारी म्हातारी थांबते, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरंच सुरू करते. मालिकेच्या हिशेबानं हे सगळे संशयित ठरतील. मी उलट बाजूची वकील असले तरी अशा साक्षीदाराच्या थांबण्याचा फायदा घेत नाही. ते न्यायाला धरून नाही, आणि अनुभवी न्यायाधीशांना ते लगेच कळतं, हेही खरं.

विडी कामगार बाईची साक्ष तर मुद्दाम पाहावी. तिच्या आयुष्यातलं हे पहिलं कोर्ट असतं. समोर न्यायाधीश, बाजूला काळे कोट, मागच्या बाकावर थोरले दीर बसलेले. ती पदर सावरते, मान खाली घालते, आपल्याच बोटांकडे बघत बोलते. ती डोळ्याला डोळा देत नाही, कारण थोरामोठ्यांपुढे डोळे वर करून बोलायचं नसतं हे तिला लहानपणापासून शिकवलं गेलंय. ‘नजर चुकवतो तो खोटं बोलतो’ ही समजूत जगभर आहे. २००६ मध्ये ५८ देशांतल्या लोकांना विचारलं, तेव्हा खोटारड्याची सर्वांत जास्त सांगितली गेलेली खूण नजर चुकवणं हीच होती. समजूत जगभर असली तरी तिला आधार नाही. खोटं बोलणारे लोक खरं बोलणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त नजर चुकवतात, असं संशोधनात आढळलेलं नाही. ‘अमुक बाजूला वर पाहिलं की खोटं’ हे जे मोबाईलवर फिरतं, तेही २०१२ मध्ये तपासून पाहिलं गेलं आणि त्यात काहीही निघालं नाही.

याउलट सराईत माणूस बघा. सिद्धेश्वर यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरून बैलाची किंमत कुणाला कळते का? चेहरा कोरा ठेवणं हा त्याचा पिढीजात सराव आहे. तो गुन्हेगार नव्हे, पण पुन्हा पुन्हा कोर्टात येणाऱ्या सराईत पंचाचं आणि मुरलेल्या आरोपीचं तंत्र हेच असतं. तो न्यायाधीशांकडे सरळ बघतो, आवाज चढवत नाही, उत्तर तयार ठेवतो. चेहऱ्यावर भरवसा ठेवणाऱ्याला हा माणूस खरा वाटेल आणि ती विडी कामगार बाई खोटी. माझ्या सगळ्या उत्तराचं मूळ इथे आहे.

हे केवळ वकिलाचं मत नाही. या मालिकेवरच एक प्रयोग झाला आहे. टिमोथी लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना ‘लाय टू मी’चा भाग दाखवला, काहींना दुसऱ्या एका गुन्हेमालिकेचा, आणि काहींना काहीच दाखवलं नाही. मग सगळ्यांना खऱ्याखोट्या मुलाखती पारखायला दिल्या. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ‘लाय टू मी’ पाहिलेल्यांची खोटं ओळखण्याची क्षमता वाढली नव्हती, पण खरं बोलणाऱ्याला खोटं ठरवण्याचं प्रमाण मात्र वाढलं होतं. म्हणजे नजर तीक्ष्ण झाली नाही, फक्त संशय वाढला. पोलीस व्हायला निघालेल्या मुलानं हे वाक्य वहीत लिहून ठेवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण त्या वाढलेल्या संशयाची किंमत कोठडीत बसलेला माणूस मोजतो.

माणसाची नुसत्या निरीक्षणानं खोटं ओळखण्याची मजल किती? बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये त्याआधीचे शेकडो अभ्यास एकत्र केले, त्यांत २४ हजारांहून अधिक परीक्षक होते. सरासरी अचूकता ५४ टक्के निघाली. नाणं उडवलं तरी ५० टक्के येते. आणि चेहऱ्यावर क्षणमात्र डोकावणाऱ्या त्या सूक्ष्म भावमुद्रा, ज्यांवर मालिका उभी आहे? पोर्टर आणि टेन ब्रिंक यांनी २००८ मध्ये ६९७ भावमुद्रा एकेक चित्रचौकट करून तपासल्या. त्यांतल्या जेमतेम २ टक्क्यांत त्या सापडल्या, त्याही चेहऱ्याच्या अर्ध्या भागात, आणि खऱ्या भावना दाखवणाऱ्यांतही. टोरेस जिथून आली असं मालिकेत दाखवलंय, त्या अमेरिकन विमानतळांवर प्रवाशांची वागणूक बघून संशयित हेरायचा कार्यक्रम खरोखर चालवला गेला. त्यावर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले आणि २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं सांगितलं की याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, यापुढचा पैसा आवरा.

तरीही ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्या दुसऱ्या गटाशी मी सहमत नाही. मालिका नीट पाहिली तर लाइटमन चेहरा पाहून थांबत नाही. चेहऱ्यावर काहीतरी हललं की तो तिथे प्रश्न टाकतो, मुद्दाम चुकीचं विधान करतो, वातावरण बदलतो, पुरावा उशिरा समोर आणतो. शिवाय मालिका पुन्हा पुन्हा एक गोष्ट दाखवते, की माणूस खोटं बोलतोय हे कळलं तरी कशासाठी बोलतोय ते वेगळंच असू शकतं. हे अगदी खरं आहे. आमच्याकडे एखादा तरुण घटनेच्या रात्री कुठे होता ते लपवतो, तेव्हा पोलिसांना वाटतं हाच आरोपी. प्रत्यक्षात तो पत्त्यांच्या अड्ड्यावर असतो आणि वडिलांना कळू नये म्हणून धडपडत असतो. खोटं तर तो बोललाच, पण खून त्यानं केलेला नसतो. या बाबतीत मालिका तिच्या चाहत्यांपेक्षा जास्त समजूतदार आहे.

पहिल्या भागातल्या पहिल्या प्रसंगाबद्दल मात्र मला कायद्याच्या बाजूनं बोललंच पाहिजे, कारण बहुतेक दर्शकांना तो सर्वांत जास्त आवडतो. चर्चमध्ये बॉम्ब ठेवलेला आहे, संशयिताला त्याच्या वकिलानं गप्प राहायला सांगितलंय, आणि लाइटमन त्याच्या तोंडून एक शब्दही न काढता फक्त प्रतिक्रिया बघून ठिकाण काढून घेतो. टाळ्या घेणारा प्रसंग आहे. आता आपल्याकडे या. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. हीच मालिका अमेरिकेत चालू असताना, ५ मे २०१० रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला. नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कुणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. त्यातला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. पॉलिग्राफमध्ये माणूस बोलला नाही तरी त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब, त्वचेचा ओलावा यांतून त्याच्या मनातली माहिती काढून घेतली जाते. तेव्हा तीही साक्षच, आणि सक्तीनं घेतली तर ती संरक्षणाचा भंग करते. स्वेच्छेनं चाचणी दिली तरी तिचा निकाल स्वतः पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली तर ती कायद्याच्या चौकटीत वापरता येते. यंत्रानं काढलेल्या निष्कर्षाला जिथे ही मर्यादा आहे, तिथे ‘मला त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात तुच्छता दिसली’ हे कोणत्या पंचनाम्यात लिहिणार? आणि पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलंच असेल.

साक्षीदाराच्या हावभावांना कोर्टात किंमतच नाही, असंही समजू नका. साक्ष नोंदवताना साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल योग्य वाटेल तो शेरा लिहून ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि वरचं न्यायालयही खालच्या न्यायाधीशांनी साक्षीदार प्रत्यक्ष पाहिला होता याला वजन देतं. पण तो शेरा पुराव्याच्या जोडीला असतो, त्याच्या जागी येत नाही. अपिलात कागद बोलतो. कागदावर घाम उमटत नाही, विसंगती उमटते.

मग खोटं पकडतात कसं? उलटतपासणीत मी साक्षीदाराचा चेहरा पाहते, पण तो कुठे अस्वस्थ झाला एवढंच टिपण्यासाठी. अस्वस्थता म्हणजे पुढचा प्रश्न कुठे विचारायचा याची खूण, एवढाच तिचा उपयोग. खरी तयारी आदल्या रात्री असते: फिर्याद, पोलिसांपुढचे जबाब, घटनास्थळाचा पंचनामा, वैद्यकीय कागद, फोनच्या नोंदी हे सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. पहिल्या जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीत कुठून आली, आणि तेव्हाची आता का गळाली, हे शोधायचं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आरोपीचा मित्र साक्षीत सांगतो, ‘१४ जानेवारीला आम्ही दोघं दिवसभर गड्ड्यावर होतो, अक्षता पाहिल्या.’ गड्डा म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, आणि अक्षता हा त्या यात्रेतला प्रतीकात्मक विवाहसोहळा. तो कसा झाला, असं विचारलंत तर साक्षीदार घडाघडा सांगेल. संमती कट्टा, नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भाविक, सगळं बिनचूक. सोलापूरचा माणूस आहे, दरवर्षी तेच पाहतो. त्याला ते रचावं लागत नाही. तेव्हा दरवर्षी सारखं नसतं ते विचारायचं. गाडी कुठे लावली? तिथून चालत कुठल्या बाजूनं आलात? गर्दीत चुकामूक झाली का, मग भेटलात कुठे? खायचे पैसे कुणी दिले, रोख की मोबाईलवरून? घरी निघायचं आधी कोण म्हणालं? दोघांना वेगवेगळं विचारलं की रचलेली गोष्ट इथे फाटते, कारण दोघांनी तयारी अक्षतांची केलेली असते, पार्किंगची नाही. आणि मोबाईलवरून पैसे दिले म्हणाला, तर नोंद तपासता येते.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे आल्डर्ट व्राय आणि इतर संशोधक हेच सांगत आले आहेत. खोटं बोलणाऱ्याला गोष्ट सांभाळायचा ताण असतो, तो वाढवा. अनपेक्षित प्रश्न विचारा, घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावा, तपासता येईल असा तपशील मागा, आणि हातातला पुरावा लगेच दाखवू नका. आधी त्याला मोकळेपणानं बोलू द्या, मग पुराव्याशी ताडून पाहा. लाइटमनचे चांगले प्रसंग काढून बघा. तिथे तो हेच करतो, फक्त कॅमेरा भुवईवर असतो.

आणखी एक, जे नव्या अधिकाऱ्यांना पचत नाही. खरं सांगणारा माणूस गोष्ट गुळगुळीत सांगत नाही. तो मध्येच म्हणतो, ‘नाही, थांबा, आधी लाईट गेली, मग आवाज आला.’ तो म्हणतो, ‘आठवत नाही.’ अनावश्यक तपशील सांगतो. जबाबाचं खरेपण पारखण्याच्या जर्मनीत सुरू झालेल्या पद्धतीत हे आपणहून केलेले बदल आणि ‘आठवत नाही’ची कबुली खऱ्याच्या बाजूनं धरतात. ठाण्यात मात्र जबाब लिहिताना हे सगळं काढून टाकून गोष्ट सरळ केली जाते, आणि मग साक्षीत तो माणूस स्वतःच्या मूळ अडखळत्या भाषेत बोलला की जबाबाशी विसंगत ठरतो. तुम्ही जबाब लिहाल तेव्हा त्याचं ‘थांबा’ तसंच लिहा. तुमची केस त्यामुळे पक्की होईल.

घरच्यांवर हे तंत्र वापरून पाहणाऱ्या दर्शकांसाठी एवढंच, की मालिकेतसुद्धा लाइटमनची मुलगी एमिली या सततच्या पारखण्याला वैतागलेली दाखवली आहे, आणि तो व फॉस्टर एकमेकांना वाचायचं नाही असं ठरवून राहतात. ते त्या लेखकांनी विचार करून लिहिलंय.

कुठलं पर्व पाहावं याबद्दल तुमच्या मित्रांचा वाद आहे म्हणता. माझ्या मते पहिलं पर्व सर्वांत सकस आहे. १३ भाग, प्रत्येकात एखादी तपासण्याजोगी कल्पना, मधूनमधून खऱ्या पुढाऱ्यांचे फोटो दाखवून ती समजावलेली. दुसऱ्यात लाइटमनचा पूर्वेतिहास आणि त्याचा आडदांडपणा वाढतो. टिम रॉथचं काम इतकं जबरदस्त आहे की ते चालून जातं. तिसऱ्यात शास्त्र मागे पडतं आणि माणसं हाताळण्याचे डाव उरतात. ज्यांना पात्र आवडतं त्यांना ते चालेल, शिकायला आलेल्यानं पहिल्यावर थांबलं तरी काही बिघडत नाही. पाहताना आवाज बंद करून चेहरे बघण्याचा खेळ अनेक जण करतात. तुम्ही उलट करा: डोळे मिटा, फक्त प्रश्न आणि उत्तरं ऐका, आणि प्रत्येक उत्तरातली कोणती गोष्ट बाहेर जाऊन तपासता येईल ते लिहून काढा.

आणि एक दिवस अभ्यासिकेतून उठून कोर्टात या. लैंगिक अत्याचाराचे आणि बालकांवरचे खटले बंद दाराआड चालतात, ते सोडले तर सत्र न्यायालयाचं कामकाज कुणालाही बसून पाहता येतं. सकाळी ११ च्या आधी पोहोचा, मोबाईल बंद ठेवा, आज कुठल्या कोर्टात साक्षीपुरावा आहे ते बाहेर लावलेल्या बोर्डावर बघा किंवा शिपायाला विचारा. सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न, संपून उलटतपासणी सुरू होईल तेव्हा साक्षीदाराकडे कमी आणि वकिलाच्या हातातल्या कागदांकडे जास्त लक्ष द्या.